जुने गडी, नवं राज्य : ब्लूज-रॉकमधल्या पुनर्मीलनाच्या अल्बमांविषयी

पन्नास वर्षांपूर्वी एका बँडमध्ये असलेले, मधल्या काळात एकमेकांचे तोंडही न पाहिलेले आणि आता सत्तरीला टेकलेले वादक पुन्हा एकत्र येऊन नवा अल्बम करणार, अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी येते. ती आली की रसिकांत लगेच दोन तट पडतात. एकाला भरून येते. दुसरा म्हणतो, पैसे संपले असणार. अल्बम अजून निघायचा असतो, पण निकाल दोघांनीही लावून टाकलेला असतो. पुढे अल्बम निघतो, आठवडाभर चर्चा होते आणि तो जुन्या, गाजलेल्या अल्बमांशेजारी कपाटात जाऊन बसतो. अभ्यासाचा विषय म्हणून त्याकडे सहसा कुणी पाहत नाही.

ब्लूज आणि त्यातून उगवलेले रॉक यांचा अभ्यास बराचसा आरंभांचा अभ्यास राहिला आहे. पहिले रेकॉर्डिंग कुणाचे, कोण कुणाकडून शिकला, अमुक गाणे आधी कुणी वाजवले, हे शोधण्यात दोन पिढ्या खपल्या आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण या संगीताचा पोत समजून घ्यायचा तर त्याचा उत्तरार्ध जास्त उपयोगी पडतो, असे माझे म्हणणे आहे. तेच हात, तेच गाणे, मध्ये चाळीस-पन्नास वर्षे. तुलनेला याहून चांगली सामग्री कुठल्याच संगीताच्या अभ्यासकाला मिळत नाही.

वाचक ब्लूजला नवखा असेल तर आधी आराखडा सांगतो. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. मुख्य कॉर्ड तीनच. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा सोक्षमोक्ष लावतो. प्रत्येक ओळीनंतर उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथ ऑर्गन उत्तर देतो. गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो आणि तो नेमका कुठे लावायचा हे कलावंतागणिक बदलते. अपवाद पुष्कळ, पण आराखडा इतका आटोपशीर आणि सगळ्यांच्या इतक्या अंगवळणी पडलेला आहे, की कधी न भेटलेले चार वादकही पाच मिनिटांत एकत्र वाजवू लागतात. म्हणून पुनर्मीलन इथे सोपे असते. आणि म्हणूनच लपायला जागा नसते. आराखडा सर्वांच्या मालकीचा. एकाचे वाजवणे दुसऱ्याहून वेगळे का, याचे उत्तर वादकाकडेच मागावे लागते.

आता वयाचा प्रश्न. १९६०च्या दशकात लंडनमध्ये ज्या पोरांनी ब्लूज उचलले ते विशीतले होते. १९६६ साली जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबरचा अल्बम केला तेव्हा एरिक क्लॅप्टन एकवीस वर्षांचा होता. रोलिंग स्टोन्सनी ज्याच्या गाण्यावरून आपले नाव घेतले तो मडी वॉटर्स त्या वेळी पन्नाशीत. म्हणजे या पोरांनी वडिलांच्या वयाच्या माणसांची गाणी, त्यांच्या आवाजाची नक्कल करत गायली. घरात कर्ता पुरुष असल्याच्या थाटात बोलणारा मुलगा कधी गोड वाटतो, कधी हास्यास्पद. त्या रेकॉर्डी तशाच आहेत. पुढे हीच माणसे खरोखर म्हातारी झाली आणि गाणी अंगाला बसली.

डिसेंबर २०१५मध्ये रोलिंग स्टोन्स लंडनच्या ब्रिटिश ग्रोव्ह स्टुडिओत स्वतःच्या नव्या गाण्यांवर काम करायला बसले होते. हात मोकळे व्हावेत म्हणून त्यांनी माउथ ऑर्गनवादक लिटल वॉल्टरचे एक जुने गाणे वाजवले, ते जमले, मग दुसरे घेतले, आणि तीन दिवसांत ‘ब्लू अँड लोन्सम’ हा बारा गाण्यांचा अल्बम झाला. सगळी गाणी दुसऱ्यांची. क्लॅप्टन शेजारच्या स्टुडिओत आपले काम करत होता. त्याला बोलावून दोन गाण्यांवर वाजवून घेतले. मिक जॅगर आणि चार्ली वॉट्स तेव्हा सत्तरीपलीकडे. स्टोन्स कधी फुटले नव्हते, तेव्हा काटेकोर अर्थाने हे पुनर्मीलन नव्हे. पण १९६२ सालच्या स्वतःशी त्यांची ही भेट होती आणि त्यात जॅगरचा माउथ ऑर्गन त्याने तरुणपणी कधी वाजवला नसेल इतका चांगला वाजला आहे. त्या अल्बमचे खरे आकर्षण तेच.

इतके म्हटल्यावर एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. ब्लूज म्हणजे म्हाताऱ्यांचे संगीत, पडवीत बसलेला पांढऱ्या केसांचा गडी आणि त्याची गिटार, हे चित्र इतिहासाला धरून नाही. बेसी स्मिथची पहिली रेकॉर्ड १९२३ची, तेव्हा ती तिशीच्या आत होती. रॉबर्ट जॉन्सनने आपली सगळी गाणी १९३६ आणि १९३७मध्ये रेकॉर्ड केली आणि १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. आपल्या काळात ही तरुण, चलाख, बाजाराचा वारा ओळखणारी व्यावसायिक मंडळी होती. ‘एस्केपिंग द डेल्टा’ या २००४ सालच्या पुस्तकात एलायजा वॉल्डने हे पटेल असे मांडले आहे. म्हातारा ब्लूजवाला ही प्रतिमा मुख्यतः १९६०च्या दशकात पक्की झाली, जेव्हा गोऱ्या कॉलेजकुमारांनी जुन्या तबकड्यांवरची नावे घेऊन माणसे शोधायला सुरुवात केली.

सन हाउस या ब्लूज-गायकाची हकिकत या संदर्भात प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक हवी. १९३० साली त्याने पॅरामाउंट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केले, १९४१-४२मध्ये लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने त्याला मिसिसिपीत रेकॉर्ड केले, आणि नंतर तो उत्तरेला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जाऊन राहिला. १९६४मध्ये तीन तरुण शोधत शोधत तिथे पोचले तेव्हा त्याने कित्येक वर्षे गिटारला हात लावलेला नव्हता. मग ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या पोराने, ज्याने हाउसच्या जुन्या तबकड्या ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या, खुद्द हाउसला त्याचीच गाणी पुन्हा शिकवली. १९६५ साली कोलंबियाने त्याचा अल्बम काढला. आता त्या अल्बममधला हात कुणाचा? गुरूचा, की शिष्याच्या स्मरणातून परत आलेल्या गुरूचा? पुनर्मीलनाच्या अल्बमांविषयीचे जवळजवळ सगळे अवघड प्रश्न या एका हकिकतीत आहेत. विल्सन पुढे कॅन्ड हीट या बँडचा खांब झाला. १९७०च्या मे महिन्यात त्या बँडने जॉन ली हुकरबरोबर ‘हुकर अँड हीट’ रेकॉर्ड केला आणि सप्टेंबरात विल्सन सत्ताविसाव्या वर्षी वारला. अल्बमच्या मुखपृष्ठावर तो आहे, पण भिंतीवरच्या तसबिरीत.

त्याच १९७०च्या मे महिन्यात शिकागोचा ब्लूज-गायक हाउलिन वुल्फ लंडनला आला. वयाची साठी जवळ आलेली, प्रकृती खालावलेली. ऑलिंपिक स्टुडिओत क्लॅप्टन, स्टीव्ह विनवूड, बिल वायमन, चार्ली वॉट्स त्याच्या दिमतीला. एका गाण्याची सुरुवात काही केल्या जमेना. क्लॅप्टनने वुल्फला विनंती केली, तुम्हीच गिटार घेऊन दाखवा. वुल्फने कुठे थांबायचे, कुठे निघायचे ते समजावून दिले, आणि रेकॉर्ड कंपनीने शहाणपणाने हा तुकडा अल्बमवर तसाच ठेवला. गाणे सगळ्यांना पाठ होते. थांबायची जागा तेवढी कुणाला ठाऊक नव्हती. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने तो तुकडा आधी ऐकावा, बाकीचे मग.

जागा सोडणे हे उतारवयात येते, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही, पण पुरावा त्या बाजूचा आहे. क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्या क्रीम या त्रिकुटाचे उदाहरण घ्या. १९६८ साली त्यांनी ‘स्पूनफुल’ मैफलीत सोळा मिनिटांहून जास्त वाजवले. तिघेही एकमेकांवर कुरघोडी करत सुटले होते आणि त्या कुरघोडीतच मजा होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. २००५च्या मे महिन्यात ते त्याच सभागृहात चार रात्री पुन्हा वाजले, तेव्हा तेच गाणे साधारण निम्म्या वेळात आटोपले. जॅक ब्रूस यकृत-प्रत्यारोपणातून उठलेला, जिंजर बेकर सांधेदुखीने बेजार. पण थकव्याने गाणे लहान झाले असे ऐकताना वाटत नाही. तिघे एकमेकांचे ऐकून वाजवत आहेत. नवा अल्बम मात्र त्यांनी केला नाही, मैफलीचेच ध्वनिमुद्रण निघाले. न्यूयॉर्कला त्याच वर्षी आणखी तीन कार्यक्रम झाले, तोवर जुने हेवेदावे परत आले होते.

पुनर्मीलनात आणखी एक प्रश्न असतो, अनुपस्थितांचा, आणि तो ऑलमन ब्रदर्सच्या बाबतीत सर्वांत तीव्र होतो. जॉर्जिया राज्यातल्या मेकनचा हा बँड १९७१च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टला वाजला आणि त्या रेकॉर्डिंगने ब्लूज-रॉकचा एक मानदंड ठरवून टाकला. त्याच ऑक्टोबरात गिटारवादक ड्वेन ऑलमन चोविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. वर्षभराने बेसवादक बेरी ओकलीही मेकनमध्येच, तशाच अपघातात. उरलेल्यांनी १९७९ साली पुन्हा जमून ‘एनलायटन्ड रोग्ज’ केला, तो बऱ्यापैकी होता. त्यानंतरचे दोन अल्बम ऐकू नयेत असे आहेत: कंपनीला काळाबरोबर राहायचे होते आणि बँडला आपण कोण याचाच विसर पडला होता. १९८२मध्ये पुन्हा फाटले. १९८९ साली वीस वर्षे पुरी झाली म्हणून ते परत एकत्र आले, आणि १९९०चा ‘सेव्हन टर्न्स’ हा माझ्या मते पुनर्मीलनाच्या अल्बमांतला एक आदर्श आहे. ड्वेनच्या जागी वॉरन हेन्स हा तिशीतला गिटारवादक होता. त्याने ड्वेनची नक्कल केली नाही आणि बाकीच्यांनी त्याला ती करूही दिली नाही. दुसरे कारण निर्माता टॉम डाउड. फिलमोर ईस्टचा अल्बम त्याचाच, १९७९चा त्याचाच, हाही त्याचाच. वादक बदलले, मेले, भांडले. काच लावलेल्या खोलीत बसून ऐकणारा माणूस तोच राहिला. निर्मात्यांविषयी अभ्यासकांनी लिहिले आहे त्याच्या दुप्पट लिहायला हवे.

एकत्र येणे म्हणजे समेट, असा भाबडा समज इथे टिकत नाही. मूळ गिटारवादक डिकी बेट्सला २०००मध्ये त्याच बँडने बाहेर काढले, आणि ‘हिटिंग द नोट’ हा २००३चा शेवटचा स्टुडिओ-अल्बम त्याच्याविनाच झाला. तो चांगला आहे, हे त्यातले दुःख.

पैशाचा विषयही टाळून चालणार नाही. म्हातारपणी पुन्हा स्टुडिओत जाणाऱ्यांत ज्यांना तारुण्यात रॉयल्टी मिळाली ते थोडे, आणि ते बहुतांशी गोरे. शिकागोच्या चेस कंपनीसाठी ढीगभर गाणी लिहिणाऱ्या विली डिक्सनला लेड झेपलिनविरुद्ध दावा लावावा लागला. १९८७मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेलचे गाणे स्टोन्सनी १९७१च्या अल्बमवर घेतले, तेव्हा अरहूली कंपनीच्या क्रिस स्ट्रॅकविट्झने पाठपुरावा करून त्याला त्याचे पैसे मिळवून दिले. मॅकडॉवेल पुढच्याच वर्षी गेला. कुठलाही पुनर्मीलनाचा अल्बम हाती आला की गाण्याखालचे बारीक अक्षरातले नाव आधी वाचावे. १९७७चा ‘हार्ड अगेन’ या बाबतीत समाधान देतो. गिटारवादक जॉनी विंटरने मडी वॉटर्सला त्याचा जुना माउथ ऑर्गनवादक जेम्स कॉटन याच्याबरोबर पुन्हा उभे केले, सगळ्यांना एका खोलीत एकदम वाजवायला लावले, आणि साठी ओलांडलेल्या मडीला शेवटची काही वर्षे तरी मानाची गेली.

बायका कुठे आहेत, असे वाचक विचारील, आणि विचारायलाच हवे. पुनर्मीलन हा प्रकार बँडचा, आणि बँड पुरुषांचे. स्त्रिया परत आल्या त्या एकेकट्या. आल्बर्टा हंटरने वीस वर्षे नर्सची नोकरी केली आणि १९७७ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या एका क्लबात पुन्हा गायला उभी राहिली. सिपी वॉलेसला बॉनी रेटने १९८२ साली पुन्हा रेकॉर्ड करायला लावले. अँजेला डेव्हिसचे १९९८चे पुस्तक जुन्या गायिकांच्या भरभराटीच्या काळाविषयी आहे. त्यांच्या परतण्याविषयी तितक्या तोलाचे पुस्तक कुणी लिहील तर या क्षेत्रात त्याचे स्वागत होईल.

आता ज्या अल्बमाने मला हा विषय गंभीरपणे घ्यायला लावला त्याकडे येतो. १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये रायझिंग सन्स नावाचा बँड निघाला. त्यात हार्लेममध्ये जन्मलेला हेन्री फ्रेडरिक्स होता, ज्याने स्वतःचे नाव ताजमहाल ठेवले होते, आणि अठरा वर्षांचा राय कूडर. काळे-गोरे एकत्र असलेला बँड त्या काळात दुर्मीळ. कोलंबियाने त्यांच्याकडून पुष्कळ रेकॉर्डिंग करून घेतले, एक सिंगल काढली आणि बाकीचे फडताळात ठेवले. ते बाहेर आले १९९२ साली. ताजमहालच्या १९६८च्या पहिल्या अल्बमवर कूडर वाजवतो, मग दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्याच अल्बममधले ‘स्टेट्सबरो ब्लूज’ ऐकून ड्वेन ऑलमनने सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घातली आणि ती तारांवर घसरवत वाजवायची स्लाइड गिटार शिकायला सुरुवात केली. फिलमोर ईस्टचा अल्बम सुरू होतो तो याच गाण्याने.

२०२२ साली दोघांचा ‘गेट ऑन बोर्ड’ निघाला. कूडर पंचाहत्तरीचा, ताजमहाल ऐंशीच्या उंबरठ्यावर. अकरा गाणी, सगळी सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी या जोडीच्या भांडारातली. अल्बमचे नावही त्यांच्या १९५२च्या तबकडीचे. लॉस एंजेलिसजवळच्या अल्टडीनात, कूडरचा मुलगा वाकीम याच्या घरच्या बैठकीच्या खोलीत तीन दिवसांत हे काम झाले. ड्रम आणि बेस वाकीमचेच. सनी टेरी माउथ ऑर्गनच्या दोन फुंकरींमध्ये तोंडाने आरोळी ठोकायचा. ताजमहाल तेच करतो आणि त्याचा श्वास कुठे अपुरा पडतो ते स्पष्ट ऐकू येते. ते कुणी पुसलेले नाही. कूडरचे मँडोलिन त्या अपुऱ्या जागेत येते, ती भरून काढत नाही, नुसते टेकू देते. टेरी आणि मॅगी यांचे स्वतःचे अखेरीस पटत नव्हते, मंचावर शेजारी बसून ते एकमेकांशी बोलत नसत. त्यांची गाणी घेऊन दोन जुने मित्र हसतखेळत वाजवतात, यात जी खोच आहे ती दोघांनाही पुरती ठाऊक असावी. अल्बमला पारंपरिक ब्लूजचे ग्रॅमी मिळाले.

भारतीय वाचकाला या जोडीत आणखी एक धागा सापडेल. कूडर आणि जयपूरचे मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट यांनी १९९२मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चर्चमध्ये बसून ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ केला. आधीची ओळख जवळजवळ नव्हतीच. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी होते, आणि तालवाद्य वाजवणारा चौदा वर्षांचा मुलगा होता हाच वाकीम. ताजमहालने भट्ट आणि चित्रवीणावादक एन. रविकिरण यांच्याबरोबर ‘मुमताज महल’ केला तो १९९५चा. मींड ऐकून तयार झालेल्या आपल्या कानाला स्लाइड परकी वाटत नाही, याचा अनुभव मुंबईकरांनीही घेतला आहे: २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा ब्लूज-गिटारवादक बडी गाय तिथे वाजवून गेला. मराठीत या संगीतावर जे लिहिले गेले आहे ते मात्र बहुतेक मृत्युलेखांच्या रूपात. कलावंत जिवंत असताना, त्याचा नवा अल्बम समोर असताना लिहिण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

पुढे वाचायचे असेल तर पॉल ऑलिव्हर आणि सॅम्युएल चार्टर्स यांच्यापासून सुरुवात करावी, मग अमिरी बराकाचे ‘ब्लूज पीपल’ घ्यावे, म्हणजे आधीच्या दोघांच्या गोऱ्या नजरेवर उतारा मिळतो. रॉबर्ट पामरचे ‘डीप ब्लूज’ वाचायला सर्वांत रसाळ. पण पुस्तके थोडी थांबली तरी चालतील. रायझिंग सन्सची १९९२ साली निघालेली तबकडी आणि ‘गेट ऑन बोर्ड’ ही दोन्ही आज सहज ऐकायला मिळतात. एका संध्याकाळी ती लागोपाठ ऐकावी, कागद-पेन्सिल जवळ ठेवावी आणि कूडर कुठे वाजवत नाही त्या जागा टिपून घ्याव्यात.